बँकॉकमध्ये तीन दिवस, एकटीने

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय एक्केचाळीस, खासगी कंपनीत नोकरी. घरी नवरा, सासूबाई आणि कॉलेजात जाणारा मुलगा. कंपनीच्या प्रशिक्षणासाठी त्या पाच दिवस बँकॉकला चालल्या आहेत. प्रशिक्षण संपलं की सहकारी परत येतील, पण यांना आणखी तीन दिवस थांबून एकटीने शहर बघायचं आहे. आजवर एकटीने केलेला प्रवास म्हणजे माहेरी जाणं आणि ऑफिसची कामं. सासूबाई म्हणतात, 'दिराला बोलावून घे.' नवऱ्याची हरकत नाही, पण दोन अटी आहेत: दिवसभर लाइव्ह लोकेशन चालू ठेवायचं आणि अंधार पडायच्या आत खोलीवर यायचं. ऑफिसात 'बँकॉक? तेही एकटी?' म्हणून हसून झालंय. महिनाभर त्यांनी सुरक्षेचे व्हिडिओ बघितले, पेपर स्प्रे आणला, आणि भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढलीच. त्या विचारतात, 'मी तिथे सुरक्षित कशी राहू? आणि मुळात हा माझा स्वार्थीपणा तर नाही ना?'

प्रिय मैत्रिणी,

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्यात अडकलेलं आहे. आपण स्वार्थीपणा करतोय असं मनात धरून फिरणारी बाई परक्या शहरात सावध असते, पण भलत्याच गोष्टींबद्दल. उशीर झाला तर घरी काय म्हणतील, या धास्तीने ती समोर आलेल्या पहिल्या टुक-टुकमध्ये, म्हणजे तिथल्या रिक्षात, बसते. कुणी फसवलं तर 'म्हणूनच नको म्हणत होतो' हे ऐकावं लागेल म्हणून कुणाला सांगत नाही. अंगाला खेटून उभ्या राहिलेल्या माणसाला ओरडत नाही, कारण तमाशा झाला तर ती बातमी घरापर्यंत जाईल. म्हणून हे अपराधीपण इथेच ठेवून जा. तुम्ही कमावत्या आहात, घर तीन दिवस तुमच्यावाचून चालणार आहे, आणि एक शहर बघावंसं वाटणं ही साधी, चांगली इच्छा आहे. तिला कारणाची जोड लागत नाही.

आता सुरक्षितपणाबद्दल. तुमच्यासमोर आत्ता जे नियम आहेत, त्यातले काही तुम्हाला सुरक्षित ठेवणारे आहेत आणि काही घरच्यांचा जीव भांड्यात पाडणारे. दोन्हींना किंमत आहे. घरच्यांच्या काळजीला मी कमी लेखत नाही, ती मायेपोटीच आहे. पण हे दोन प्रकारचे नियम एकमेकांत मिसळले की पंचाईत होते.

अंधाराचीच अट घ्या. बँकॉक विषुववृत्तापासून फार लांब नाही, त्यामुळे तिथे वर्षभर संध्याकाळी पावणेसहा ते सातच्या दरम्यान सूर्य मावळतो. अट शब्दशः पाळायची तर दिवसभराच्या उकाड्यात फिरायचं आणि हवा जरा सुसह्य झाली, शहर बाहेर पडलं की खोलीत जाऊन बसायचं. रात्री नऊ वाजता बीटीएस या शहरी रेल्वेच्या डब्यात ऑफिसमधून, क्लासमधून, खरेदीहून घरी निघालेल्या बायका दाटीने उभ्या असतात. उलट पहाटे, चांगलं उजाडत असताना, एखादी लांबलचक गल्ली पूर्ण सामसूम असू शकते. तेव्हा घड्याळापेक्षा तीन गोष्टी बघा: भोवती माणसं आहेत का, उजेड आहे का, आणि इथून परत जायचा रस्ता मला माहीत आहे का. तिसरी सर्वांत महत्त्वाची. कुठेही निघण्याआधी परतायचं कसं ते ठरवून टाका. बीटीएस आणि एमआरटी या दोन्ही रेल्वे साधारण मध्यरात्रीपर्यंत चालतात. चाओ फ्राया नदीवरच्या साध्या प्रवासी बोटी मात्र संध्याकाळी लवकर थांबतात. दुपारी बोटीने ग्रँड पॅलेस या राजवाड्याकडे गेलात आणि तिथेच रेंगाळलात, तर परतीला एमआरटीचं सनाम चाय स्टेशन जवळ आहे, हे आधी ठाऊक असलं की धावपळ होत नाही. धावपळीतच माणूस कुणाच्याही गाडीत बसतो.

अट बदलून घ्यायचीच तर अशी घ्या: 'नऊनंतर मी फक्त रेल्वेने किंवा ॲपवरून बोलावलेल्या गाडीने फिरेन, आणि रिकाम्या गल्लीत पायी जाणार नाही.' ही अट तुमच्या खऱ्या उपयोगाची आहे.

ऑफिसातल्या हसण्याबद्दल मला थोडं रागाने बोलायचं आहे. बँकॉक म्हटलं की आपल्याकडचे पुरुष डोळे मिचकावतात आणि त्याचा भुर्दंड तिथे जाणाऱ्या बायकांना भरावा लागतो. त्या शहरात नाना, सोय काउबॉय, पॅटपाँग अशा बारच्या गल्ल्या आहेत ('सोय' म्हणजे थाई भाषेत गल्ली). त्या सगळ्यांना माहीत आहेत आणि कुठे सुरू होऊन कुठे संपतात तेही नकाशावर दिसतं. आपला दूतावास सुखुमवित या मोठ्या रस्त्याच्या तेविसाव्या सोयमध्ये आहे, आणि सोय काउबॉयचं एक तोंड त्याच सोयमध्ये उघडतं. म्हणजे अशा गल्लीजवळून जाणं हे तिथल्या हजारो नोकरदार बायकांचं रोजचं आहे. तिथून चालत गेलात म्हणून तुमच्याबद्दल कुणी काही समजत नाही. तिथे सांभाळायची गोष्ट वेगळीच आहे: पॅटपाँगमध्ये 'वरच्या मजल्यावर शो आहे, फक्त एक ड्रिंक' म्हणून बोलावतात आणि खाली उतरताना अवाच्या सवा बिल हातात ठेवून दार अडवतात. वर जायचं नाही, विषय संपला. आणि त्याच शहरात, चिटलोम स्टेशनला लागून एरावनचं ब्रह्मदेवाचं ठाणं आहे. ऑफिस सुटल्यावर बायका तिथे झेंडूच्या माळा घेऊन हात जोडतात. तुम्ही त्याही बँकॉकला चालला आहात, हे हसणाऱ्यांना सांगायची गरज नाही, पण स्वतःला आठवण असू द्या.

व्हिडिओंनी तुमची भीती वाढवली, याचं मला नवल वाटत नाही. ते अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसाची गोष्ट सांगतात. तसा प्रसंग येणारच नाही असं म्हणणं खोटं ठरेल, पण बँकॉकमध्ये प्रवाशाच्या वाट्याला त्याहून कितीतरी अधिक येतात ते दोन त्रास: गोड बोलून होणारी फसवणूक आणि रस्त्यावरचा अपघात.

फसवणुकीचा नमुना ठरलेला आहे. ग्रँड पॅलेसच्या बाहेर नीटनेटक्या कपड्यांतला, छान इंग्रजी बोलणारा गृहस्थ भेटतो. 'आज राजवाडा बंद आहे, धार्मिक सण आहे, दुपारी उघडेल,' असं काळजीने सांगतो. तोवर वेळ घालवायला एक टुक-टुक अगदी वीस-चाळीस बाहतमध्ये (बाहत हे थाई चलन) चार देवळं दाखवेल म्हणतो. ती टुक-टुक रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानासमोर थांबते. राजवाडा बहुतेक दिवस सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन उघडा असतो, तेव्हा फाटकापर्यंत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, म्हणजे दारावरून परत फिरावं लागणार नाही.

ही फसवणूक आपल्या बायकांवर चांगली चालते, याचं कारण भाबडेपणा नाही. आपल्याला शिकवलेलंच असतं की कुणी आपुलकीने बोललं तर नीट उत्तर द्यावं, मध्येच पाठ फिरवू नये, वाईट वाटेल असं वागू नये. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याच आज्या सांगून गेल्या आहेत. तर या तीन दिवसांपुरता एक सराव आत्तापासून करा: वाक्य अर्धवट सोडून चालायला लागायचं. कारण द्यायचं नाही, 'सॉरी' म्हणायचं नाही. एकटी आलीस का, कुठल्या हॉटेलात उतरलीस, या प्रश्नांना खरं उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. 'मैत्रीण येतेय' हे तीन दिवस बिनदिक्कत म्हणा. आणि गर्दीत कुणी अंगचटीला आलाच, तर मराठीत ओरडा. शब्द कळले नाहीत तरी सूर सगळ्यांना कळतो. कुणी मागे येतंय असं वाटलं तर दिसेल त्या सेव्हन-इलेव्हनमध्ये शिरा. ती दुकानं जागोजागी आहेत, बहुतेक रात्रभर उघडी असतात. तिथे उजेड, कॅमेरे आणि नोकर असतात. आत थांबून गाडी बोलवा, नाहीतर हॉटेलला फोन लावा. शंका खोटी निघाली तर पाच मिनिटं वाया गेली, इतकंच.

रस्त्याबद्दल कुणी भीती घालत नाही, म्हणून मी घालते. थायलंडमध्ये रस्ते अपघातात मरणाऱ्यांचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे आणि त्यात दुचाकीवरचे लोक फार. केशरी जाकीट घातलेले मोटरसायकल टॅक्सीवाले गल्लीच्या तोंडाशी उभे असतात. सोयीचे आहेत, स्वस्तही आहेत. हेल्मेट मिळालं तरच बसा, आणि मोठ्या रस्त्यावरच्या लांबच्या फेरीला बसूच नका. झेब्रा पट्ट्यांवर गाडी थांबेल असं गृहीत धरू नका. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे, पण दुचाक्या उलट्या दिशेने आणि पदपथावरूनही येतात. सियाम-चिटलोम भागात स्टेशनांना जोडणारे उंचावरचे पादचारी पूल आहेत, ते वापरा.

सुवर्णभूमी विमानतळावर उतरलात तर आतमध्ये 'टॅक्सी, टॅक्सी' करत येणाऱ्यांकडे बघू नका. खालच्या मजल्यावर अधिकृत टॅक्सीची रांग आहे. तिथल्या यंत्रातून चिठ्ठी निघते. ती चालकाने मागितली तरी स्वतःजवळ ठेवा, कारण तक्रार करायची वेळ आली तर तीच कामाला येते. भाडं मीटरने, वर विमानतळाचे ५० बाहत आणि टोल असेल तर तो आपण द्यायचा. शहरात मीटर लावायला नाही म्हणणाऱ्या टॅक्सीतून खाली उतरा, वाद घालू नका. दिवसा, सामान हलकं असेल तर विमानतळावरूनच निघणारी रेल्वे फाया थाई स्टेशनला नेते, तिथे बीटीएस मिळते. भारतातून जाणारी काही विमानं मात्र डॉन म्युआंग या दुसऱ्या विमानतळावर उतरतात. तिकिटावर नाव वाचून घ्या, परतताना तर दोनदा.

हॉटेलच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण स्टेशनपासून पाच मिनिटांत चालत पोचता येईल असंच घ्या. पत्त्यात 'सुखुमवित' लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात हॉटेल मुख्य रस्त्यापासून एक-दीड किलोमीटर आत, सोयच्या टोकाला निघतं. नकाशावर चालत जायचं अंतर मोजल्याशिवाय पैसे भरू नका. शक्य असेल तर प्रशिक्षण जिथे आहे त्याच हॉटेलात पुढचे तीन दिवस राहा. पाच दिवसांत तिथले लोक तुम्हाला ओळखू लागलेले असतील, आजूबाजूच्या गल्ल्या पायाखालच्या झालेल्या असतील, आणि हे संरक्षण विकत मिळत नाही. खोलीचा क्रमांक काउंटरवर मोठ्याने सांगितला गेला तर दुसरी खोली मागा. हॉटेलचं नाव-पत्ता थाई लिपीत असलेलं कार्ड पाकिटात ठेवा, कारण अनेक टॅक्सीवाल्यांना रोमन लिपीतला पत्ता वाचता येत नाही, आणि फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

आणखी एक धोका आहे, तो आपल्या ओळखीच्या माणसांकडून येतो. 'एवढी छोटी पिशवी घेऊन जाता का, माझा भाऊ मुंबईला विमानतळावर घ्यायला येईल.' थायलंडने २०२२ मध्ये गांजावरची बंदी उठवली, २०२५ मध्ये पुन्हा नियम कडक केले. तिथे काहीही असो, आपल्याकडे तो आणणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात गांजा सापडल्याच्या बातम्या मुंबई विमानतळावरून सतत येतात. कुणाचंही, अगदी गुजराती-मराठी बोलणाऱ्या प्रेमळ काकूंचंही, पाकीट किंवा बॅग घेऊ नका. पानाचं हिरवं चित्र असलेले केक, बिस्किटं, सरबतंही टाळा. तुमचं सरबत किंवा पेय टेबलावर सोडून उठलात, तर परत आल्यावर ते पिऊ नका. हे पत्र वाचणाऱ्या ज्या मुलींना बँकॉकमध्ये भरघोस पगाराच्या नोकरीचं बोलावणं आलं असेल, त्यांनी तर थांबावंच. अशा खोट्या नोकऱ्यांसाठी नेलेल्या भारतीयांना तिथून म्यानमारच्या सीमेपार, ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबल्याचे प्रकार घडले आहेत आणि परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल जाहीर इशारेही दिले आहेत.

आता घर. दिराला बोलावण्याने काय होईल? सासूबाई निवांत होतील. तुम्ही मात्र तीन दिवस त्यांच्या जेवणाची, आवडीची, कंटाळ्याची चिंता करत फिराल. जे बघायला थांबलात ते राहून जाईल. दीर चांगले असतील, त्यांच्याबरोबर पुढे कधी सगळे मिळून जा. तुम्हाला सोबत हवीशी वाटत असेल तर पहिल्या दिवशी सायकलवरून किंवा पायी शहर दाखवणाऱ्या एखाद्या गटात नाव घाला. सकाळी दहा माणसांत मिसळता येतं आणि दुपारनंतर आपण मोकळ्या.

लाइव्ह लोकेशनचं मात्र नवऱ्याशी शांतपणे बोला. नकाशावरचा ठिपका बघून इथे बसलेला माणूस तिथे पोचू शकत नाही. उलट तुम्ही भुयारी स्टेशनात असताना नेटवर्क गेलं, ठिपका अडकला, की घरात कल्लोळ. मग सतराशे साठ फोन, तुम्ही भर रस्त्यात फोन काढून उत्तरं देत उभ्या, आणि बॅटरी उतरलेली. त्याऐवजी असा करार करा. सकाळी निघताना दिवसाचा बेत दोन ओळींत कळवायचा. रात्री खोलीत आल्यावर, ठरलेल्या वेळी, संदेश टाकायचा. थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, म्हणून वेळ कोणत्या घड्याळाची ते स्पष्ट असू दे. संदेश आला नाही तर एक तास थांबून आधी तुम्हाला, मग हॉटेलच्या काउंटरला फोन करायचा. काउंटरवरची माणसं पर्यटन पोलिसांना कळवू शकतात. हॉटेलचा क्रमांक आणि दूतावासाचा आणीबाणीचा क्रमांक घरी कागदावर लिहून फ्रिजवर लावून जा. रात्री टॅक्सीत बसलात तर तेवढ्या वेळापुरतं लोकेशन चालू करा, त्याचा खरंच उपयोग आहे. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेतल्या एखाद्या थाई बाईंना 'अडचण आली तर तुम्हाला फोन करू का?' असंही विचारून ठेवा. लोक आनंदाने हो म्हणतात.

तुमच्या फोनमध्ये हे क्रमांक हवेत: पर्यटन पोलीस ११५५, तिथे इंग्रजी बोलणारं माणूस मिळतं, साधे पोलीस १९१, रुग्णवाहिका १६६९. पेपर स्प्रे घरीच ठेवा. विमानाच्या केबिनमध्ये तो नेता येत नाही, आणि परक्या देशाच्या कायद्याची परीक्षा अशा वस्तूने घेऊ नये. त्याच्या जागी पॉवर बँक न्या.

कंपनीच्या प्रवास विम्याचे कागद काढून बघा. असे विमे बहुधा कामाच्या दिवसांपुरतेच असतात, म्हणून शेवटच्या तीन दिवसांचा वेगळा विमा स्वतः काढा. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड १ मे २०२५ पासून सक्तीचं आहे. ते पोचण्याआधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतं. पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी किंवा दलालांची आहेत.

तिकीट बदलण्याआधी नवऱ्याकडून एक शब्द मात्र घ्या. इतक्या काळजीनंतरही काही वाईट घडू शकतं: पाकीट जाईल, कुणी हात लावेल, तुम्ही फसाल. त्या वेळी तुम्ही सगळ्यात आधी त्यांना फोन करणार, आणि ते 'तरी सांगत होतो' म्हणणार नाहीत. त्या क्षणी नाही आणि परत आल्यावर चार माणसांतही नाही. हे एवढं त्यांनी मान्य केलं, तर बाकीच्या अटींवर तुमचं दहा मिनिटांत जमेल. मान्य करायला जड गेलं, तर त्या रात्री लोकेशनचा आणि अंधाराचा वाद घालत बसू नका. हाच विषय धरून बोला, आणि मुलालाही शेजारी बसवा.